सुमंत मुळगावकर आणि गाडीवरचे नाव
(द्वितीय वर्ष, कला)

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाला टेल्को रोड कुठे आहे हे विचारावे लागत नाही. कंपनीने २००३ साली आपले नाव बदलून टाटा मोटर्स केले. त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. पण रिक्षावाल्याच्या लेखी, पोस्टमनच्या लेखी आणि आमच्या आजीच्या लेखी तो रस्ता अजून टेल्को रोडच आहे. नाव एकदा लोकांच्या तोंडी बसले की सहजासहजी उतरत नाही. ज्या माणसाने हा कारखाना आमच्या भागात उभा केला त्याच्यापुढे मात्र गाडीवर नाव कोणाचे असावे हाच प्रश्न अनेक वर्षे उभा होता. त्या माणसाचे नाव सुमंत मुळगावकर. आमच्या वर्गातल्या कित्येकांचे वडील, मामा, काका या कारखान्यावर किंवा त्याच्या जोडधंद्यांवर जगले आहेत. परंतु मुळगावकर कोण, असे विचारले तर उत्तर देणारे फारच थोडे निघतील.

मला त्यांच्या चरित्राची ओढ लागली ती इतिहासाच्या तासाला नव्हे, तर घरातल्या एका वादामुळे. माझा थोरला भाऊ चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी चालवतो. पाळी सुटली की उभे राहायला जागा नसते. गेल्या वर्षी महाळुंग्याला दुसरा गाळा घ्यावा असे त्याच्या मनाने घेतले आणि नेमक्या त्याच वेळी एका अमृततुल्यवाल्या कंपनीचा माणूस त्याच्याकडे येऊ लागला. पाटी त्यांची, रंग त्यांचा, कप त्यांचे, मसाला त्यांचा; जागा, भांडवल आणि मेहनत आपली. सुरुवातीला काही लाख रुपये द्यायचे आणि नंतर दरमहा विक्रीतला ठराविक हिस्सा. यालाच फ्रँचायझी म्हणतात. करारनामा इंग्रजीत होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा तो वाचण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. शब्दकोश शेजारी ठेवून मी दोन रात्री तो वाचला. त्यातली दोन कलमे माझ्या ध्यानात राहिली. एक असे, की मसाला बंद पाकिटातूनच येणार आणि त्यात काय आहे हे विचारायचे नाही. दुसरे असे, की कराराची मुदत संपल्यावर पुढची दोन वर्षे त्या परिसरात आपण चहाचे दुकान काढायचे नाही.

दादाचे म्हणणे, नावाला गिऱ्हाईक येते. वडिलांचे म्हणणे, गिऱ्हाईक तुझ्या हाताला येते. वडील भोसरीला एका लहान कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांच्या हातून निघालेला भाग कुठल्या तरी मोठ्या गाडीत बसतो, पण त्यावर त्यांचे नाव नसते, त्यांच्या मालकाचेही नसते. त्यामुळे या विषयावर त्यांचे मत जरा तिखट आहे. अशा वेळी आमच्या ग्रंथालयात टाटा उद्योगसमूहाच्या इतिहासाचे एक पुस्तक हाती लागले आणि त्यात मुळगावकर भेटले.

सुमंत मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ चा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९२९ साली पदवी मिळवली. तो जागतिक मंदीचा काळ. परत आल्यावर ते सिमेंटच्या धंद्यात शिरले आणि पुढे एसीसी या सिमेंट कंपनीत वरच्या जागेपर्यंत पोचले. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून यंत्रे येणे दुरापास्त झाले, तेव्हा सिमेंट कारखान्यांची यंत्रे इथेच बनवण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. मला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचे बी इथेच पडले. यंत्र विकत घेणारा आणि यंत्र घडवणारा यांच्यात केवढे अंतर आहे, हे त्यांनी अडचणीच्या काळात पाहिले.

१९४५ मध्ये टाटांनी जमशेदपूरला टेल्को ही कंपनी काढली ती रेल्वेची वाफेची इंजिने बनवण्यासाठी. १९४९ साली मुळगावकर तिथे सूत्रधार म्हणून आले. काम मोठे होते, पण गिऱ्हाईक एकच, सरकारी रेल्वे. शिवाय वाफेचे युग आज ना उद्या संपणार हे दिसतच होते. टेल्कोने शेवटचे वाफेचे इंजिन १९७० च्या सुमारास बाहेर काढले. पण त्याच्या किती तरी आधी जे. आर. डी. टाटा आणि मुळगावकर दुसऱ्या धंद्याचा शोध घेऊ लागले होते. तो धंदा म्हणजे मालमोटार.

आता ट्रक बनवायचा कसा? हाताशी कारखाना होता, कारागीर होते, भट्टी होती. ट्रकचे ज्ञान नव्हते. ते स्वतः मिळवायचे तर दहा-पंधरा वर्षे गेली असती. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला. करारानंतर सहा महिन्यांच्या आत जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. त्याच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता आणि नाव होते टाटा-मर्सिडीज-बेंझ. आमच्या गल्लीतल्या एका जुन्या ड्रायव्हर आजोबांच्या तोंडून मी अजूनही त्या गाडीला नुसते मर्सिडीज म्हटलेले ऐकले आहे. मला आधी ते कुठल्या तरी श्रीमंताच्या मोटारीबद्दल बोलत आहेत असे वाटे.

म्हणजे मुळगावकरांनीही दुसऱ्याचे नाव घेतलेच. हे वाचून मी दादाला लगेच सांगितले आणि तो खूश झाला. पण पुढे वाचत गेले तसा फरक दिसू लागला. त्या वेळच्या सरकारी धोरणाने नुसती जोडणी करणाऱ्यांना थारा दिला नव्हता. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग इथे जोडायचे आणि विकायचे हा व्यवहार थांबावा, गाडी टप्प्याटप्प्याने इथेच घडावी, असा आग्रह होता. जनरल मोटर्स आणि फोर्ड या बलाढ्य कंपन्यांनी त्याच सुमारास आपले इथले जोडणीचे कारखाने गुंडाळले. टेल्कोच्या करारात ताऱ्याबरोबर आराखडेही आले. कोणता भाग कोणत्या पोलादाचा, त्याला पाणी किती द्यायचे, दात्यांचे माप काय, हे सारे कागद आले आणि ते वाचून तसे भाग घडवणे हेच काम होते. मसाल्याचे बंद पाकीट आणि मसाल्याची कृती यांतला हा फरक आहे. पाकीट उघडून चहा करणारा पाच वर्षांनीही पाकीटच उघडत राहतो. कृती मिळालेला माणूस तिसऱ्या वर्षी त्यात आपल्या अंदाजाने सुंठ वाढवून पाहतो.

टेल्कोने ही कृती किती पचवली याची परीक्षा १९६९ साली झाली. त्या वर्षी करार संपला. गाडीवरचा तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे इंग्रजी टी अक्षर आले. कारखाना बंद पडला नाही की रस्त्यावरचा ट्रकवाला दुसरीकडे वळला नाही. त्याआधीच, १९६१ मध्ये, टेल्कोचे ट्रक सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जाऊ लागले होते. पंधरा वर्षांत बहुतेक सारी गाडी इथे घडू लागली होती. दादाच्या करारनाम्यात मुदत संपल्यावर चहा विकायलाच बंदी होती. इथे मुदत संपल्यावर तीच गाडी स्वतःच्या नावाने विकण्याची मोकळीक होती. करार कसा आहे हे पाहायचे असेल तर त्याचे शेवटचे पान आधी वाचावे, असे मला या दोन कागदांवरून वाटू लागले आहे.

अर्थात हा प्रश्न एकट्या टेल्कोचा नव्हता. आमचा सगळा पट्टाच उसन्या नावांवर उभा राहिला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आकुर्डीला बजाज टेम्पो जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या परवान्यावर तीनचाकी बनवू लागली. शेजारी बजाज ऑटो इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर काढू लागली. तो परवाना १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. घोडा मेवाडचा असला तरी त्याचा सांगाडा इटालियनच होता, हेही खरे. पण पुढची तीन दशके लोकांनी चेतकसाठी रांगा लावल्या आणि व्हेस्पा विसरून गेले.

मुळगावकरांचे खरे मोठेपण मात्र मला पुण्याच्या कारखान्यात दिसते. जमशेदपूर अपुरे पडू लागले तेव्हा दुसरा कारखाना काढायचे ठरले आणि त्यासाठी पिंपरीची निवड झाली. १९६६ मध्ये काम सुरू झाले. तेव्हाची पिंपरी म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि मोजके कारखाने सोडले तर माळरान. बाभळी, खडक आणि ज्वारीची वावरे. चिंचवडला गणपती होता, मोरया गोसावींची समाधी होती. नगरपालिकासुद्धा १९७० साली आली. अशा ठिकाणी कोणताही व्यवहारी माणूस पहिल्यांदा काय करील? शेड ठोकील आणि जमशेदपूरहून भाग आणून ट्रक जोडू लागेल. मुळगावकरांनी तसे केले नाही. त्यांनी आधी शिकाऊ उमेदवारांची शाळा काढली. मग यंत्रे बनवणारी यंत्रे, साचे आणि हत्यारे घडवणारा विभाग उभा केला. गाड्यांचा आराखडा स्वतः करण्यासाठी अभियांत्रिकी संशोधन केंद्र काढले. आणि झाडे लावली. उघड्या माळावर हजारो झाडे लावली, पाणी अडवून तळे केले. त्या तळ्यावर आता पक्षी येतात. कारखान्याआधी झाडे का, याचे उत्तर बहुधा हेच असावे, की झाडालाही वेळ लागतो.

पुण्याच्या कारखान्यातून पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली ती १९७७ साली. म्हणजे सुरुवातीपासून अकरा वर्षांनी. या अकरा वर्षांवर मी बराच वेळ थांबले. स्वतःचे नाव मिरवायचे म्हणजे काय द्यावे लागते, याचा हिशेब या आकड्यात आहे. शिकाऊ मुले ट्रक देत नाहीत, साचे बनवणारा विभाग बाजारात लगेच नफा आणत नाही, आणि झाडे तर काहीच विकून देत नाहीत. हे सारे सोसायला मागे जमशेदपूरचा चालता कारखाना होता, टाटांचे भांडवल होते आणि जे. आर. डीं.सारखा विश्वास टाकणारा माणूस होता. दादामागे काय आहे? आईच्या दोन पाटल्या आणि एका पतपेढीचे कर्ज. मुळगावकरांचे उदाहरण घेऊन प्रत्येक टपरीवाल्याला स्वाभिमानाचे धडे द्यावेत, हे मला पटत नाही. ज्याला पुढच्या महिन्याचे भाडे भरायचे आहे त्याने उसने नाव घेतले तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि मुळगावकरांनी स्वतः १९५४ मध्ये तेच केले होते, हे विसरून कसे चालेल?

शिवाय ते परक्या नावाचे वैरी नव्हते. १९८५ मध्ये, ते अध्यक्ष असतानाच, टेल्कोने जपानच्या हिताची कंपनीच्या सहकार्याने खोदकामाची यंत्रे बनवायला घेतली. जे येत नव्हते ते त्यांनी पुन्हा दुसऱ्याकडून घेतले. जे येत होते ते मात्र कोणाकडे मागितले नाही. हा विवेक दिसायला सोपा आहे; पण आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे प्रामाणिकपणे ठरवणे मोठ्या माणसांनाही जमत नाही.

त्याची कसोटी लगेचच लागली. ऐंशीच्या दशकात हलक्या मालमोटारींसाठी सरकारने जपानी सहकार्याची दारे उघडली आणि एकाच वेळी चार कंपन्या बाजारात उतरल्या. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. प्रत्येकीच्या नावात जोडचिन्हाच्या एका बाजूला जपान होते. टेल्को तोपर्यंत मोठे ट्रक बनवत होती. लहान गाडी तिच्याकडे नव्हती. अनेकांना वाटले की टेल्कोही आता एखादा जपानी जोडीदार शोधणार. मुळगावकरांच्या टेल्कोने पुण्यातल्या आपल्याच अभियंत्यांकडून गाडी करून घेतली. ती १९८६ मध्ये आली, टाटा ४०७. वीस वर्षांपूर्वी माळावर काढलेली शाळा, साच्यांचा विभाग आणि संशोधन केंद्र आता कामाला आले. ४०७ ला जपानी गाड्यांची सफाई नव्हती, पण आपल्या रस्त्यांचे खड्डे, आपल्याकडे गाडीत भरतात तो जादा माल आणि नाक्यावरचा मिस्त्री यांना ती बरोबर ओळखत होती. पुढे ऑल्विन-निस्सान महिंद्रांकडे गेली, डीसीएमने टोयोटाऐवजी देवू हा नवा जोडीदार धरला. आयशर मात्र टिकली आणि वाढली, कारण तिनेही यथावकाश ते ज्ञान आपलेसे केले. ४०७ आजही आमच्या मार्केट यार्डात कांदे उतरवताना दिसते.

मुळगावकरांबद्दल सगळेच गोड लिहिणे बरोबर नाही. उत्कृष्टतेचा त्यांचा ध्यास प्रसिद्ध होता. माणूस जितका काटेकोर तितका त्याच्या हाताखाली राबणाऱ्यांना ताण असतो, हे लेथवरच्या माणसाची मुलगी म्हणून मला ठाऊक आहे. त्यांच्या अखेरच्या काळात पुण्याच्या याच कारखान्यात कामगारांचा आणि व्यवस्थापनाचा मोठा झगडा पेटला. १९८८ च्या अखेरीस त्यांनी अध्यक्षपद रतन टाटांकडे सोपवले. १ जुलै १९८९ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले. आमच्या भागात टेल्कोत लागलेला मुलगा म्हणजे लग्नाच्या बाजारात पहिल्या नंबरचा, अशी स्थिती होती. त्या मुलांनाही उपोषणाला बसावे लागले, हे या चरित्राचे एक पान आहेच. त्यांच्या पत्नी लीलाबाई मुळगावकर यांनी मुंबईत रक्तदानाची चळवळ उभारण्यात आयुष्य वेचले आणि त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. कोणी तरी पुढच्या अंकासाठी मनावर घ्यावे.

आता आमच्या घरातल्या वादाचे काय झाले, असे वर्गातल्या मैत्रिणी विचारतात. दादाने कंपनीच्या माणसाला एवढेच विचारले, की मसाल्याची कृती कधी तरी मिळेल का. त्याने हसून नकार दिला. दादाने महाळुंग्याचा गाळा घेतला आहे, पण ठरला होता त्याच्या निम्म्या आकाराचा, आणि स्वतःच्याच नावाने. आईच्या पाटल्या गहाण आहेत. पहिल्या दोन महिन्यांत धंदा जेमतेम भाड्यापुरता झाला. वडील रविवारी तिथे जाऊन बसतात आणि चहा कसा झाला आहे यावर दर वेळी वेगळे मत देतात.

मुळगावकरांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९९४ साली, टेल्कोने एक नवी गाडी काढली. तिचे नाव सुमो. सुमंतमधला सु आणि इंग्रजीत लिहिलेल्या आडनावाच्या सुरुवातीचा मो. बहुतेकांना तो जपानी पहिलवान वाटला. गावोगावच्या वडापच्या गाड्या, लग्नाची वऱ्हाडे आणि पोलीस ठाणी यांनी पंचवीस वर्षे ते नाव घेतले, पण कोणाचे घेतो आहोत हे जाणले नाही. २०१९ मध्ये सुमोचे उत्पादन थांबले.

आणि त्याच १९९४ साली आणखी एक घटना घडली, ती पाहायला मुळगावकर हवे होते. मर्सिडीज-बेंझ भारतात पुन्हा आली, या वेळी मोटारी बनवायला. तिला जागा हवी होती. ती जागा तिला टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारात मिळाली. पंचवीस वर्षांपूर्वी ट्रकवरून उतरलेला तारा आता टेल्कोच्या अंगणात बिऱ्हाड करून राहिला. २००९ साली मर्सिडीजने चाकणला आपला स्वतंत्र कारखाना बांधला आणि ती तिकडे गेली. आता तळेगाव चौकात संध्याकाळी कोंडी झाली की टी अक्षराचा ट्रक आणि ताऱ्याची मोटार एकमेकांना खेटून उभी असतात, आणि मागून ४०७ वाला हॉर्न वाजवत असतो.